आधी ‘क’ की आधी वेलांटी?

बालमित्रांनो, पाटीवर ‘कि’ काढा बरं! आधी ‘क’, मग वेलांटी, हो ना? टंकयंत्रावर मात्र उलटं. वेलांटी डावीकडे दिसते, म्हणून तिची कळ आधी दाबायची.

‘कृतिदेव’सारख्या जुन्या फाँटांनी हीच रीत उचलली. आधी एफ, मग डी दाबा, ‘कि’ दिसतो. पण संगणकाच्या पोटात साठतात इंग्रजी अक्षरंच. वर नुसता मराठी मुखवटा! फाँट नसला की मुखवटा गळतो.

१९९१ साली आलेल्या युनिकोडमध्ये तसं नाही. तिथे ‘क’चा क्रमांक २३२५, ऱ्हस्व वेलांटीचा २३६७, आणि ‘क’ आधी. इन्स्क्रिप्ट कळफलकावर त्यासाठी के, मग एफ दाबतात. डी दाबाल तर हलन्त!

म्हणून जुना प्रोग्रॅम नवा करताना काळजी घ्यावी लागते. कळ दाबली की संगणक दोन निरोप देतो : ‘अमुक कळ दाबली’ आणि ‘अमुक अक्षर आलं’. मजकूर लिहिताना प्रोग्रॅमनं दुसरा निरोप ऐकावा. जुन्या नोंदींतला क्रमही बदलावा. नाहीतर यादीतल्या ‘किरण’ची वेलांटी ‘क’च्या आधीच राहते, नि नाव शोधून सापडत नाही. मूल वर्गात हजर, यादीत गायब!

१६०८ साली आपल्या जांबेत जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधात लेखनक्रियेवर अख्खा समास लिहिलाय. अक्षर नीट हवं, मग बोरूनं लिहा नाहीतर कळीनं.

आता तुमच्या नावात ऱ्हस्व वेलांटी आहे का, पाहा. असेल तर कोणती कळ आधी दाबाल?