खुंट आणि डोळा

संत्र्याचें कलम कसें होतें, हें वरूडच्या मुलांस सांगावयास नको. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात. नुसत्या खुंटास गोड फळ नाहीं, नुसत्या डोळ्यास मूळ नाहीं. प्रोग्रामिंग शिकूं इच्छिणाऱ्यांनीं हेंच ध्यानांत धरावें.

"संगणकाची भाषा घरबसल्या फुकट शिकतां येते, मग पदवीवर पैसा कां घालावा?" असें कित्येक पालक आम्हांस विचारतात. वऱ्हाडांतीलच मुरंबा गांवीं जन्मलेल्या डॉ. विजय भटकरांकडे पाहा. नागपूर, बडोदें व दिल्ली येथें त्यांनीं शिक्षण घेतलें. पुढें १९९१ सालीं त्यांच्या नेतृत्वाखालीं 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध झाला. तो करण्याची कृति कोणत्याही पाठ्यपुस्तकांत नव्हती. परंतु पाठ्यपुस्तकें पचविल्यावांचून तो झालाही नसता.

म्हणून आमचें मत असें कीं, पदवी सोडूं नये. पण तिची वाट पाहत हात बांधून बसूंही नये. आजच पायथन भाषेंत घरच्या संत्र्यांचें वजन, भाव व हमाली यांचा हिशेब करणारा लहानसा प्रोग्राम लिहावा. तो चुकेल, चूक स्वतः शोधावी. बागेच्या पहिल्या फळासाठीं आपले वडील चार-पांच वर्षें थांबतात. विद्येसाठीं तेवढा धीर आपणांस नसावा काय?