विंडोज सात 'हलकी' असते म्हणणाऱ्यांना चार शब्द

पोस्ट लांब आहे, पण शाळेशी, ग्रामपंचायतीशी ज्यांचा संबंध येतो त्यांनी वाचावी ही विनंती.

आपल्या भागात (पुण्याचं औंध नव्हे, यमाईचं औंध) सध्या एक नवीनच औषध चाललंय. जुना कॉम्प्युटर घ्यायचा, त्यातली विंडोज १० काढायची आणि विंडोज ७ मारून द्यायची. का, तर "सर, मशीन जुनं आहे, त्याला हलकी विंडोज लागते." मशीन परत येतं आणि आधीपेक्षा जास्त रखडतं. मग पुढचं वाक्य ठरलेलं: "सर, आता मशीनच गेलं. नवीन सेट घ्या."

अशी बरीच मशीन मी स्वतः उघडून बघितलीत. मशीन गेलेलं नसतं, त्याचं निदानच कुणी केलेलं नसतं.

मुळात हे सुरू कशामुळं झालं? १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि साधारण आठव्या पिढीच्या आतला इंटेलचा प्रोसेसर ती अधिकृतपणे घेत नाही. आपल्या शाळांतले बरेच सेट त्याच्याही आधीचे. म्हणजे चालू असलेली मशीन एका तारखेनं जुनी ठरली. कंपनीचा हा हिशेब मला मान्य नाही. पण त्यावर उपाय म्हणून आपण काय केलं, तर जिचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपलाय ती विंडोज ७ टाकली. फुटक्या बादलीला पर्याय म्हणून बुडच नसलेली बादली आणली!

आता ती मंद का चालते ते ऐका. चिपसेटचे आणि ग्राफिक्सचे ड्रायव्हर टाकलेलेच नसतात. डिव्हाइस मॅनेजर उघडा, पिवळी चिन्हं रांगेत उभी दिसतील. डिस्प्लेच्या नावापुढं 'स्टँडर्ड व्हीजीए' असं लिहिलेलं असलं की समजा, पानं सरकवायचं कामसुद्धा प्रोसेसरच्याच डोक्यावर आहे. दुकानदाराच्या पेनड्राइव्हमध्ये बत्तीस बिटची विंडोज असते, ती चार जीबीच्या पुढची रॅम वापरतच नाही. म्हणजे आठ जीबी असली तरी निम्मी वाया. कधी बायोसमध्ये डिस्क एएचसीआयवरून आयडीई मोडवर टाकून ठेवलेली असते. अपडेटची सेवा मागं शोधत बसते, तिला काही सापडत नाही, आणि प्रोसेसरचा एक भाग तिथंच अडकतो. वर क्रॅक करायचं सॉफ्टवेअर, आणि त्याच्याही वर एकाच्या जागी दोन अँटिव्हायरस.

आणि खरा रोगी निराळाच असतो. तो म्हणजे दहा वर्षं फिरून थकलेली हार्ड डिस्क. गंमत बघा, विंडोज १० च्या टास्क मॅनेजरमध्ये 'डिस्क १०० टक्के' असं समोर दिसतं तरी. सातच्या टास्क मॅनेजरमध्ये तो रकानाच नाही, त्यासाठी रिसोर्स मॉनिटर उघडावा लागतो. म्हणजे रोग तसाच राहिला, फक्त थर्मामीटर काढून घेतला. शिवाय आपल्या माण-खटावची धूळ! पंख्यात ती गच्च बसलेली असते, प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. ब्रशनं झाडून नवी थर्मल पेस्ट लावली की फरक पडतो. कॅबिनेट उघडायचे कष्ट मात्र घ्यावे लागतात.

वेगाचं सोडा. क्रोमची विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती १०९, तीही २०२३ च्या सुरुवातीची. अशा ब्राउझरवर आमच्या गुरुजींनी यूडायसची माहिती भरायची आणि पोरांचे आधार क्रमांक टाकायचे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय व्हायरसनं ब्रिटनच्या सरकारी दवाखान्यांपर्यंत हाहाकार केला, तेव्हा बाधित मशीनपैकी बहुतेक विंडोज ७ वालीच होती. आणि तेव्हा तर सातला अपडेट मिळत होते, त्या दुखण्यावरचा पॅच दोन महिने आधीच आला होता. आता नवा पॅच येणारच नाही.

काही ठिकाणी जुना प्रिंटर किंवा जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर फक्त सातवर चालतं, हे मला ठाऊक आहे. चालवा. पण त्या मशीनची इंटरनेटची वायर काढा.

उपाय महागडा नाही. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, रॅम चारची आठ, आतली साफसफाई. नव्या सेटच्या किमतीपुढं हा खर्च किरकोळ आहे. परवाना अस्सल असेल तर विंडोज १० ठेवा, वैयक्तिक ग्राहकांसाठी वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत. नसेल तर लिनक्स मिंट टाका, ती फुकट आहे आणि मराठी टायपिंगही होतं. केरळच्या सरकारी शाळांतलं संगणक शिक्षण कितीतरी वर्षं लिनक्सवरच चाललंय, तिथल्या पोरांचं काही अडलेलं नाही. डिजिटल सहीच्या टोकनसाठी एखादं विंडोजचं मशीन वेगळं ठेवावं लागेल, तेवढं ठेवा.

मग हे होत का नाही? नवा सेट घ्यायला निधी येतो, त्याचं उद्घाटन होतं, फोटो निघतो. एसएसडीचा फोटो कोण काढणार? आमच्या भागातल्या एका शाळेत मुख्याध्यापकांना एका डिस्कसाठी वरपर्यंत कागद फिरवावा लागला. उत्तर काय आलं, तर "निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवा." चालू मशीन भंगारात काढायला परवानगी आहे, दुरुस्त करायला नाही! ज्या औंध संस्थानानं १९३९ साली कायदा करून कारभार गावच्या पंचायतीच्या हातात दिला, त्याच मातीत ही तऱ्हा. १९१० साली याच संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, तिथले लोखंडी नांगर आपल्या आज्यांनी वापरले. फाळ झिजला म्हणून कुणी नांगर भंगारात घातला होता का?

दुकानदार पोरांवर माझा फार राग नाही. फॉर्मॅट मारायचे पैसे मिळतात, निदान करायचे कुणी देत नाही. पण सरपंच, सदस्य आणि शाळा व्यवस्थापन समितीतल्या मंडळींनी तरी विचारायला पाहिजे. पुढच्या ग्रामसभेत निर्लेखनाची यादी मागून घ्या आणि एवढंच विचारा: यातल्या किती मशीनची डिस्क बदलून बघितली? कुणी, कधी, आणि त्याची नोंद कुठं आहे? उत्तर काय येतं ते खाली कमेंटमध्ये गावाच्या नावासकट लिहा.