रंग नंतर, आधी शेपटीची नळी

"एक पुष्पक मिळतंय. घेऊ का?" हा प्रश्न घेऊन गेल्या काही वर्षांत माझ्याकडे चौघेजण येऊन गेले. एक नुकताच वैमानिक झालेला मुलगा, एक आखातात कष्ट करून परतलेले गृहस्थ आणि दोघे घाटावरचे बागायतदार. मी हयातभर फ्लाइंग क्लबांच्या विमानांची देखभाल केली, आता रत्नागिरीत असतो, म्हणून ते आले. चौघांना जे सांगितलं तेच इथे लिहितोय. ज्यांना विमान घ्यायचं नाही त्यांच्याकडेही माझं एक मागणं आहे, ते शेवटी येईल.

माझं उत्तर असं: घ्या, पण आठवड्यातला एक दिवस त्याला देणार असाल तरच घ्या. पैशाचं नंतर बघू. पैसे कमी पडले म्हणून जेवढी जुनी विमानं गेली, त्याहून जास्त नुसती उभी राहून गेलेली मी पाहिली आहेत.

पुष्पक म्हणजे काय ते नव्या पिढीला माहीत नसतं. बंगळुरूच्या तेव्हाच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्यातलं हे छोटं विमान २८ सप्टेंबर १९५८ ला पहिल्यांदा उडालं. पंख डोक्यावर, दोन माणसं शेजारी शेजारी, पुढे ९० अश्वशक्तीचं काँटिनेंटल इंजिन. घडण अमेरिकेच्या एरोन्का चीफसारखी. साधारण १६० विमानं बनली आणि बहुतेक देशभरच्या फ्लाइंग क्लबांत गेली. त्या कारखान्यात विमानाच्या आराखड्याची विद्या रुजवली ती आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी. जर्मनीत गॉटिंगेनला प्रांटल यांच्या हाताखाली शिकून ते परत आले. १९५१ मध्ये उडालेलं एचटी-२ हे शिकाऊ विमान त्यांचंच. म्हणून पुष्पक भंगारात निघालं की मला घरातलं भांडं मोडीत घातल्यासारखं वाटतं.

आता विकत घेताना काय बघायचं? विकणारा तुम्हाला रंग दाखवील. नव्या रंगातलं विमान उन्हात असं चमकतं की माणूस तिथेच बयाणा देऊन मोकळा होतो. तुम्ही मागे जा आणि शेपटीशी खाली बसा. या जातीच्या विमानाचं तिसरं चाक शेपटीखाली असतं, त्यामुळे उभं असताना ते मागे कललेलं राहतं. आत शिरलेलं पाणी उतारानं शेपटीकडे जातं आणि सांगाड्याच्या तळच्या पोलादी नळ्यांत, सांध्यांत साचतं. वरून कापड ताणलेलं, त्यावर रंग. आतली नळी कागदाइतकी पातळ झाली तरी बाहेर काही दिसत नाही. एकदा एका मालकाच्या समोर मी तळच्या नळीवर टोचा टेकवला, जेमतेम जोर दिला, तर टोचा आरपार गेला. त्या विमानाला सहा महिन्यांपूर्वीच नवा रंग दिला होता. मालक बराच वेळ काही बोलले नाहीत.

पंखांना खालून आधार देणाऱ्या दांड्यांचंही तसंच. अमेरिकेत पायपर विमानांच्या अशा दांड्या आतून गंजल्यामुळे त्यांची ठरावीक मुदतीनं तपासणी सक्तीची करावी लागली. तेव्हा परवानाधारक अभियंता बरोबर नेल्याशिवाय आणि त्यानं कापड उचकटून आत बघितल्याशिवाय सौदा करू नका. विकणारा कापडाला हात लावू देत नसेल तर चहा घ्या आणि घरी या.

कापडाबद्दल दोन शब्द. जुन्या काळी सुती किंवा लिननचं कापड ताणून त्यावर डोप नावाच्या रोगणाचे थर चढवत. कापडाला मारतं ऊन, म्हणून मधल्या थरांत ॲल्युमिनियमची चंदेरी भुकटी असते. आजचं पॉलिस्टर कापड जास्त टिकतं, ते घालायला हरकत नाही. पण कापड उतरवलं की परत चढवायची घाई करू नका. सांगाडा पुन्हा असा उघडा मिळायला बरीच वर्षं जातील. प्रत्येक सांध्याचे फोटो काढा, गंज खरवडा, नळ्यांत जवसाचं तेल फिरवून निथळू द्या. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात पावसाआधी वर ओढलेल्या होड्यांची डागडुजी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. लाकडी भाग असेल तर त्याचा डिंक तपासा. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या विमानांत दुधातल्या केसीनचा डिंक वापरत आणि तो ओलीनं सुटतो. तरीही मनावर घेतलं तर लाकूडसुद्धा टिकतं. १५ ऑक्टोबर १९८२ ला ७८ वर्षांच्या जेआरडी टाटांनी आपल्या १९३२ च्या पहिल्या टपाल उड्डाणाची आठवण म्हणून कराची ते मुंबई पुन्हा उड्डाण केलं. १९८२ च्या त्या उड्डाणातलं लेपर्ड मॉथ विमान प्लायवूडच्या अंगाचं होतं.

इंजिनाबाबत सगळ्यात मोठी चूक प्रेमापोटी होते. मालक रविवारी येतो, दहा मिनिटं इंजिन चालवतो, आवाज ऐकून खूश होतो आणि झाकून निघून जातो. कृपा करून असं करू नका. इंधन जळताना पाणी तयार होतं. जमिनीवर दहा मिनिटांत तेल इतकं तापत नाही की त्यातलं पाणी उडून जावं. उलट ते तेलात मिसळून सिलिंडरच्या भिंतींवर गंज धरतं. उडवायचं तर चांगलं अर्धा-पाऊण तास उडवा. उडवता येणार नसेल तर गंजरोधक तेल घालून, तोंडं बंद करून, रीतसर निजवून ठेवा.

पंपावरचं पेट्रोल घालू नका. त्यात आता इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं आणि जुन्या रबराच्या नळ्या खातं. विमानाचं पेट्रोल, म्हणजे एव्हगॅस, वापरा. २०२२ पासून इंडियन ऑइल ते आपल्याच देशात, गुजरातच्या रिफायनरीत बनवतं. मात्र हे इंजिन कमी शिसं असलेल्या इंधनासाठी घडवलेलं आहे, आजच्या एव्हगॅसमध्ये शिसं त्याहून जास्त, म्हणून प्लग वरचेवर काढून साफ करावे लागतात. हवेचा वेग मोजणाऱ्या नळीवर टोपी घालायला विसरू नका. कुंभारीण माशी एका दुपारीत तिथे मातीचं घर बांधते.

आखातवाल्या गृहस्थांना विमान रत्नागिरीतच ठेवायचं होतं. मी साफ नको म्हटलं. मिरजोळ्याची धावपट्टी तटरक्षक दलाकडे आहे, हे एक. पण उद्या जागा मिळाली तरी हा खारा वारा आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस! आपल्या खिडक्यांचे गज चार पावसाळ्यांत कसे सोलवटतात ते बघा, आणि विमानाच्या नळीची जाडी त्यापुढे किती ते आठवा. घाट चढून कराडला जा, बारामतीला जा. कराडला आपल्या चौथाईच्या आसपास पाऊस पडतो. तिथे छपराखाली जागा मिळत असेल तर भाडं द्या, पण उघड्यावर ताडपत्री टाकून ठेवू नका. ताडपत्रीखाली ओल कोंडते आणि वाऱ्यानं ती घासून कापड फाटतं.

एकट्यानं घेण्यापेक्षा चौघांत घ्या. चौघांचे चार रविवार झाले की विमान आपोआप उडतं राहतं. विकत घ्यायला जेवढे लागतील तेवढेच पुन्हा बाजूला ठेवा, पहिल्या दोन वर्षांत ते लागतातच. धुणं, पुसणं, टाकीच्या तळातलं पाणी काढून बघणं हे स्वतः करा, अभियंत्याच्या नजरेखाली शिकून. पाना तुमच्या हातात असला तरी कामावर सही त्याची लागते, आणि उड्डाणयोग्यतेचं परीक्षण दरवर्षी करून घ्यावं लागतं. याला कटकट समजू नका. सह्या आणि परीक्षण करणारी ही माणसं तुमचा जीव जपत असतात.

आता सगळ्यांसाठीचं मागणं.

विमानाबरोबर त्याची लॉगबुकं असतात, सांगाड्याचं एक, इंजिनाचं एक. कोणती नळी कधी बदलली, कोणता पंख कुठे आपटला होता, सगळं त्यात तारखेसह. ती हरवली तर चांगलं विमानही अभियंत्याला अनोळखी होतं, आणि अनोळखी विमानावर सही करायला तो धजत नाही. क्लब बंद पडले तेव्हा अशी पुस्तकं, नकाशे, दुरुस्तीच्या वह्या कुणाकुणाच्या घरी गेल्या. आपल्या रत्नागिरीतून मुंबईला जाऊन जुहूच्या हँगरात, विमान कंपन्यांत, हवाई दलात नोकरी केलेले फिटर, मेकॅनिक, रिगर थोडेथोडके नव्हते. ते गेले. त्यांच्या ट्रंका गावच्या घरी माळ्यावर आहेत.

तुमच्या घरी अशी ट्रंक असेल तर शाकारणीच्या वेळी ती खाली काढा. ज्या ओलीनं नळी गंजते, तीच कागदावर बुरशी धरते, आणि उरलेलं कसर खाते. वह्या सावलीत पसरून वाळवा, उन्हात नको, शाई उडते. चिकटलेली पानं ओढू नका, लॅमिनेशन करू नका. प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो घ्या. मग सुती कापडात गुंडाळून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून, जमिनीपासून उंच कपाटात ठेवा. वहीवर व्हीटी आणि पुढे तीन अक्षरं दिसली तर तो विमानाचा नोंदणी क्रमांक आहे. तो एका कागदावर लिहून जवळच्या फ्लाइंग क्लबला कळवा. कदाचित त्याच तीन अक्षरांचं विमान कुठल्या तरी हँगरच्या कोपऱ्यात उभं असेल, आणि कुणीतरी शेपटीशी बसून विचार करत असेल की ही नळी शेवटची कधी बदलली होती.