भिडू ओळखीचा, डाव परक्यांचा

पत्त्यांत माणूस कळतो, असे आपल्याकडे म्हणतात. मेंढीकोटात तर तो लवकरच कळतो. समोरासमोर बसलेले दोन-दोन भिडू, प्रत्येकाच्या हाती तेरा पाने आणि सगळी धडपड चार दश्श्या आपल्याकडे ओढण्याची. भिडूचे पान दिसत नाही, त्याला काही विचारताही येत नाही. तरी त्याच्यावर भरवसा ठेवूनच खेळावे लागते. दुसरीकडे राजा-मंत्री-चोर-शिपाई. चार चिठ्ठ्या उडवायच्या आणि तोंडावरची रेषही न हलवणाऱ्या गड्यांतून चोर हुडकायचा. एक खेळ विश्वासाचा, दुसरा संशयाचा. आपली मुले आज मोबाइलवर जे खेळतात, ते या दोहोंचेच नवे अवतार आहेत. फरक इतकाच की, समोरचा गडी कोण, हे पुष्कळदा त्यांना ठाऊक नसते.

हा फरक वाटतो तितका किरकोळ नाही.

संशयाच्या खेळाचा आधुनिक इतिहास मोठा मजेशीर आहे. १९८६ साली मॉस्को विद्यापीठात दिमित्री डेव्हिडॉफ या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने ‘माफिया’ नावाचा खेळ रचला. मोजकेच लोक गुन्हेगार, त्यांना एकमेकांची ओळख. बाकीचे बहुसंख्य निरपराध, पण अंधारात. चर्चा करून, मते घेऊन गुन्हेगार शोधायचे. त्याच जातीचा ‘अमंग अस’ हा खेळ २०१८ साली आला आणि २०२० च्या टाळेबंदीत घराघरांत पोचला. अंतराळयानातले सहकारी मिळून कामे उरकतात. त्यांच्यातलेच एक-दोघे घातपाती असतात.

ओळखीच्यांत हा खेळ रंगतो, पण तिथे पुरावा मागे पडतो. धाकटा खोटे बोलताना कान खाजवतो, मावशी हसू दाबते, हे सगळ्यांना पाठ असते. मग आरोप खेळातल्या वागण्यावर न होता स्वभावावर होतो. “तू नेहमीच असा!” हे वाक्य एकदा आले की डाव संपला तरी रुसवा संपत नाही. परक्यांत याच्या उलट. तिथे कान कोणाचा आणि हसू कोणाचे? कोण कुठे होता, काय म्हणाला, एवढ्यावरच निर्णय करावा लागतो. बुद्धीला ही तालीम चांगली. पण परका गडी हरू लागला की खेळ सोडून निघून जातो, शिवी देतो आणि पुन्हा कधी भेटत नाही. त्याला लाज बाळगण्याचे कारणच नसते.

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली, त्यामुळे या गोष्टीकडे जरा खातेवहीच्या नजरेने पाहतो. पूर्वी खाते उघडायचे तर जुन्या खातेदाराने ओळख द्यावी लागे. अर्जावर त्याची सही असे आणि त्या सहीमागे त्याची अब्रू असे. गाव लहान होते तोवर ते चालले. २००२ साली रिझर्व्ह बँकेने ‘आपला ग्राहक ओळखा’ ही पद्धत घालून दिली आणि हळूहळू माणसाच्या ओळखीची जागा कागदांच्या ओळखीने घेतली. तिजोरीला मात्र आधीपासूनच दोन किल्ल्या होत्या आणि त्या दोन अधिकाऱ्यांकडे असत. ते दोघे जिवलग मित्र असले तरी एकट्याला तिजोरी उघडता येत नसे. यात अविश्वास नव्हता. उलट मैत्री शाबूत राहावी याची ती सोय होती. ओळखीच्या ठिकाणी नियम हवा आणि परक्यांच्या ठिकाणी ओळख, असा याचा अर्थ.

परक्याची ओळख होते कशी? वारंवार भेटण्याने. रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड या अमेरिकी अभ्यासकाने संगणकावर सहकार्य आणि दगाबाजी यांची स्पर्धा लावली होती. त्यावरचे त्याचे पुस्तक १९८४ साली आले. मोठमोठ्या चतुर युक्त्यांना मागे टाकून जिंकली ती एक साधी चाल. आधी आपण सहकार्य करायचे, मग जशास तसे, आणि समोरचा सुधारला की मागचे विसरायचे. पण ही चाल फळते ती तोच गडी पुन्हा भेटणार असेल तरच.

पनवेलकरांना हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. १९९८ साली हार्बरची लोकल पनवेलपर्यंत आली आणि मुंबईच्या सव्वा-दीड तासाच्या प्रवासात ठरावीक गाडीचे, ठरावीक डब्याचे गट जमले. मांडीवर बॅग, बॅगेवर पत्ते. आडनावही ठाऊक नसलेली माणसे पुढे एकमेकांच्या मुलांच्या लग्नांत जेवली. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हेच गट नवख्या प्रवाशाला जागा देत नाहीत, त्याच्यावर गुरकावतात. आतल्यांसाठी जी मैत्री, ती बाहेरच्यासाठी दादागिरी होते.

आता आपले शहर पाहा. २०१६ साली इथे महानगरपालिका झाली, २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. कामोठे, कळंबोली, खांदा कॉलनी, नवीन पनवेल इथे साताऱ्यापासून बिहारपर्यंतची माणसे शेजारी झाली आहेत. सगळेच एकमेकांना परके, आणि दारे बंद. अशा वेळी मुलगा परदेशातल्या कुणा अनोळखी भिडूबरोबर रात्री खेळतो आणि तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा त्याला ठाऊक नसतो, याची चिंता मला अधिक वाटते.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला. पैसे लावून खेळवणाऱ्यांना त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. करमणुकीच्या खेळांना मात्र उत्तेजन आहे. ही विभागणी योग्यच आहे. घरे बुडतात ती पैशाच्या डावाने. पण कायदा पैसा मोजू शकतो, संगत मोजू शकत नाही. कानाला लावलेल्या यंत्रातून बारा वर्षांच्या मुलाशी कोण काय बोलतो, हे घरालाच पाहावे लागेल.

त्यासाठी मोबाइल हिसकावण्याची गरज नाही. “किती वेळ खेळलास?” याऐवजी “कोणाबरोबर खेळलास? तो उद्या पुन्हा भेटणार आहे का? हरल्यावर तो कसा वागला?” असे विचारावे. उत्तरे ऐकता ऐकता मूलही आपल्या संगतीचा हिशेब करू लागते. आणि रविवारी सोसायटीतल्या चार मुलांना बोलावून चिठ्ठ्यांचा डाव मांडावा. नियम आधी ठरवावेत, सगळ्यांना सारखे. चोर सापडेल, न सापडेल. पण सोमवारी जिन्यात भेटल्यावर ती मुले एकमेकांकडे पाहून हसतील. परक्यांच्या शहराला शेजार येतो तो असाच.