वालधुनीची साक्ष

अंबरनाथचें शिवालय पाहण्यास गेलेल्या वाचकांनीं तेथील शिल्पकाम डोळे भरून पाहिलें असेल. देवळालगत वाहणाऱ्या वालधुनीकडे मात्र त्यांचें लक्ष गेलें असेल, तें बहुधा तिच्या दर्पामुळेंच. देवळांतील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. शिलाहारांच्या राज्यांत देवालयासाठीं ही जागा पसंत पडली, ती शेजारच्या पाण्यामुळेंच पडली असावी. आज तोच प्रवाह अंबरनाथ व उल्हासनगर येथील कारखाने आणि दाट वस्ती यांमधून वाट काढीत कल्याणकडे उल्हासेस मिळावयास जातो. आणि त्याला नदी म्हणावें कीं गटार म्हणावें, असा प्रश्न पडतो.

मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत पाण्यांत मलमूत्र, रक्त अथवा विष टाकण्याचा स्पष्ट निषेध आहे. तेव्हां निषेध होता, पण मोजदाद नव्हती. आतां कायदा आहे आणि मोजदादहि आहे. केंद्राचा जलप्रदूषणाचा कायदा १९७४ सालचा. महाराष्ट्रानें तर त्याच्याहि आधीं, १९६९ सालीं, आपला कायदा केला होता. मग ओढा काळा कां? सगळेच कारखानदार लबाड व सगळेच अधिकारी झोपलेले, हें उत्तर सोपें आहे. पण तें पुरेसें नाहीं. मोजण्याची रीत काय आहे, तें नीट पाहिलें पाहिजे.

पाण्यांत विरघळलेल्या प्राणवायूवर मासे जगतात. सांडपाणी आलें कीं त्यांतील सेंद्रिय द्रव्यावर सूक्ष्म जंतु तुटून पडतात आणि तें पचवितांना हा प्राणवायु संपवितात. किती संपवितात, हें काढण्याची युक्ति घरच्या वजाबाकीसारखी आहे. नमुना बाटलींत हवाबंद करून अंधारांत २७ अंश सेंटिग्रेडला तीन दिवस ठेवावयाचा. आरंभींच्या प्राणवायूंतून अखेरचा वजा करावयाचा. उरेल ती त्या पाण्याची ‘जैविक प्राणवायूची मागणी’. इंग्लंडांत हीच कसोटी पांच दिवसांची आहे. तेथील हवा थंड. येथें उष्णतेमुळें जंतु आपलें काम लवकर उरकतात.

आतां एक उदाहरण सोडवूं. इंग्लंडांतील सांडपाण्याविषयींच्या राजकीय आयोगानें १९१२ सालीं आपल्या आठव्या अहवालांत असें धरलें कीं, स्वच्छ नदीची मागणी लिटरला २ मिलिग्रॅम असते आणि ४ च्या वर गेल्यास नदी बिघडते. नदीच्या आठ भाग पाण्यांत एक भाग सांडपाणी मिसळत असेल, तर त्या सांडपाण्याची मागणी किती असूं द्यावी? आठ दुणे सोळा. नऊ भागांचे चौकें छत्तीस. छत्तिसांतून सोळा गेले, वीस राहिले. ही विसाची मर्यादा जगभर गाजली. परंतु तिच्या पोटांत एक अट आहे: नदींत आठपट स्वच्छ पाणी पाहिजे!

आपल्याकडे वैशाखांत आठपट पाणी आणावें कोठून? पावसाळा सरला कीं वालधुनीसारख्या ओढ्यांत सांडपाणी हाच मुख्य प्रवाह राहतो. आपल्या नियमांत ओढ्यानदींत सोडावयाच्या सांडपाण्याची सर्वसाधारण मर्यादा ३० आहे, आणि स्नानयोग्य पाण्याची मर्यादा ३. म्हणजे एखाद्या कारखान्यानें नियम अक्षरशः पाळला, तरी कोरड्या ओढ्यांत त्याचें पाणी स्नानाच्या मर्यादेच्या दसपट घाण असूं शकतें. हा दोष कोणाच्या लबाडीचा नव्हे, हिशेबाचा आहे. आणि म्हणूनच केवळ कारखान्याच्या नळाशीं न मोजतां ओढ्यांतहि मोजलें पाहिजे, आणि तेंहि उन्हाळ्यांत. शिवाय ही मर्यादा दर लिटरला आहे. चांगलें पाणी ओतून घाण पातळ केली कीं आंकडा उतरतो. घाण मात्र तेवढीच राहते.

याहून विलक्षण गोष्ट अशी कीं, पाण्यांत तीव्र विष असेल तर कसोटीच्या बाटलींतील जंतूच मरतात, प्राणवायु खाण्यास कोणी उरत नाहीं, आणि आंकडा उलट लहान येतो. याकरितां रासायनिक मागणी, आम्लता व धातु यांचीं पृथक्करणें वेगळीं करावीं लागतात.

तपासणीच्या वेळेचा प्रश्न याहून अवघड आहे. शाळातपासणीच्या दिवशीं फळा पुसलेला असतो, पोरें न्हालेलीं असतात आणि हुशार मुलगा पहिल्या बांकावर असतो, हें मास्तर मंडळींस सांगावयास नको. ओढ्याचा नमुनाहि एका क्षणाचाच साक्षीदार. १९१४ नव्हे, २०१४ सालची गोष्ट: नोव्हेंबरच्या अखेरीस उल्हासनगराजवळ रात्रीच्या अंधारांत कोणीं टँकरमधून रसायन वालधुनींत ओतलें आणि त्याच्या वायूनें शेकडों माणसांस रुग्णालयांत न्यावें लागलें. त्याच वर्षीं फेब्रुवारींत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें अतिप्रदूषक अशा सतरा प्रकारच्या उद्योगांस अहोरात्र चालणारीं मापनयंत्रें बसविण्याचा आदेश दिला होता. आदेश उत्तमच, पण टँकर कांहीं यंत्राजवळून जात नाहीं. तेथें काठावरच्या माणसाचेच डोळे व नाक हवें.

यावर कोणी उत्साही तरुण म्हणेल, मीच बाटली भरून न्यायालयांत नेतों. त्यानें १९७४ च्या कायद्याचें एकविसावें कलम वाचावें. नमुना घेणाऱ्या अधिकाऱ्यानें जागच्या जागीं कारखानदारास नोटीस द्यावयाची, त्याच्यासमक्ष नमुन्याचे दोन भाग करावयाचे, दोन्ही बाटल्यांवर खूण, मोहोर व उभयतांच्या सह्या घ्यावयाच्या. ही रीत चुकली तर पृथक्करण कितीहि अचूक असो, तें पुराव्यांत चालत नाहीं. एका मोहोरेवांचून महिन्यांची मेहनत फुकट जाते, ती येथें.

घरच्या माणसांस करतां येण्याजोगें तें दुसरेंच आहे. एक साधी वही घालावी. तारीख, वेळ, जागा, पाण्याचा रंग, वास, फेस, मेलेले मासे. आणि शक्य तर छायाचित्र. आम्लता दाखविणारे कागद स्वस्त मिळतात. स्नानाच्या पाण्यास ६.५ ते ८.५ ही मर्यादा आहे. जेथें ओढा अद्याप निर्मळ आहे, तेथें नातवंडांस घेऊन पाण्यांतला दगड उलटून पाहावा. चतुराचीं व तत्सम कीटकांचीं पिलें दिसलीं तर ठीक. नुसत्या लाल अळ्या दिसल्या तर प्राणवायु सरत चालला असा संशय घ्यावा. त्यांच्या अंगांत आपल्या रक्तांतल्यासारखें तांबडें द्रव्य असतें, म्हणून त्या अशा पाण्यांतहि तग धरतात. वालधुनीसारख्या ओढ्यांत मात्र मुलांस पाऊलहि घालूं देऊं नये. तेथें काठावरूनच पाहावें.

वहींत नोंद झाली कीं त्याच दिवशीं महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कचेरीकडे लेखी तक्रार धाडावी व पोंच घ्यावी, म्हणजे मोहोरबंद नमुना घेण्याचें काम ज्याचें त्याच्या गळ्यांत पडतें. तेवढ्यानेंहि कोणी हललें नाहीं, तर १९८८ च्या दुरुस्तीनें साठ दिवसांची नोटीस देऊन कोणाहि नागरिकास फिर्याद करण्याची वाट मोकळी झाली आहे. आणि अशा फिर्यादीनें मागितल्यास मंडळानें आपल्याजवळील अहवाल त्यास द्यावे, असेंहि त्यांत आहे. मागतांना तारखा नेमक्या सांगाव्या लागतात. त्या वहींतून काढाव्या.