शेवया भिजू द्या

मे महिन्यात आमच्या परभणीत दिवसाचे दोन तुकडे पडतात. जुहरपर्यंत ऊन आणि असरच्या सुमारास आभाळ. सकाळी दहालाच गच्चीवर अनवाणी पाय टेकवत नाही. दुपारी पारा ४२ अंशांवर गेला की तीनच्या सुमारास एका कोपऱ्यात पिंजलेल्या कापसासारखे ढग चढू लागतात. साडेचारला वावटळ, धूळ, कडकडाट, पंधरा-वीस मिनिटांचा वळीव आणि लाइट गुल. नंतर जमिनीतून वाफ निघते आणि उकाडा पहिल्यापेक्षा जास्त.

हे दुपारीच का होते, असे मुले वर्गात विचारतात. जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर चढते. हवा कोरडी असेल तर नुसती वावटळ उठते. पण या दिवसांत बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र दोन्हींकडून बाष्प येते. ते या हवेबरोबर दहा-बारा किलोमीटर उंच जाते, तिथे त्याचे बर्फाचे कण आणि गारा होतात. त्यांच्या घासाघाशीतून ढगात वीज साठते. एवढे सगळे व्हायला ऊन आधी चांगले तापावे लागते, म्हणून वीज आपल्या चहाच्या वेळेला येते.

हवामान खात्याचा अंदाज नेहमी चुकतो, असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. मला वाटते, बहुतेक वेळा आपण तो नीट वाचत नाही. ‘तुरळक ठिकाणी’ हा शब्द त्यांनी मोजून वापरलेला असतो. जिल्ह्यातल्या शंभरातल्या पंचवीस किंवा त्याहून कमी ठिकाणी पाऊस, असा त्याचा अर्थ. म्हणजे पाथरीत गारा आणि मानवतमध्ये लख्ख ऊन असले तरी अंदाज बरोबरच! रंगांचेही तसेच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. शेत असलेल्यांनी कृषी विद्यापीठाचा मंगळवार-शुक्रवारचा हवामान सल्लाही पाहावा.

पण वीज कोणत्या शेतात पडेल, हे कोणताच अंदाज सांगत नाही. त्यासाठी कान हवेत. माझे खरे सांगणे इथेच आहे.

पाऊस सुरू झाला की आपण आत येतो. गडगडाट सुरू झाला की मात्र बाहेर धावतो. गेल्या मे महिन्यात आमच्या गच्चीवर शेवया वाळत होत्या, शेजारी मिरच्या. पहिला गडगडाट झाला आणि अम्मी ओरडल्या, “अगे, सेवइयाँ भीग जाएँगी!” मी आणि माझी मुलगी वर धावलो. एकही थेंब पडला नव्हता. मी लोखंडी खाटेवरची चादर गोळा करत असताना मागच्या गल्लीतल्या नारळावर वीज पडली. उजेड आणि आवाज एकदमच आला. मुलगी कान धरून खाली बसली. रात्रीपर्यंत ती नीट बोलली नाही. शेवया मात्र सगळ्या कोरड्या होत्या.

मी विज्ञान शिकवते. वीज पाऊस पडत असलेल्या जागेपासून दहा किलोमीटरवरही पडू शकते, हे मला पाठ होते. तरी मी धावले.

हिशेब सोपा आहे. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला की पक्क्या घरात या आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पत्र्याची उघडी शेड, लग्नाचा मांडव, झाड ही आसऱ्याची ठिकाणे नव्हेत. काचा बंद केलेली मोटार चालेल. घरात असाल तर नळाला हात लावू नका, वुजूचे पाणी आधीच बादलीत काढून ठेवा. रानात अडकलात तर झाड आणि तारेचे कुंपण सोडून दूर व्हा, पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे होऊ नका. कुर्बानीचे बोकड लिंबाखाली साखळीने बांधलेले असतात. त्यांना दुपारीच गोठ्यात घ्या. गडगडाटात सोडवायला जाऊ नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप आसपासच्या विजांची सूचना देते. ते घरातल्या एका तरी फोनवर असावे.

हे सांगितले की कोणीतरी म्हणतेच, “मौत लिखी है तो घर में भी आएगी.” उंट आधी बांधण्याची हदीस आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. हजरत आयशा (रजि.) सांगतात की काळे ढग दिसले की प्रेषितांचा (स.) चेहरा बदलत असे, ते आत-बाहेर येरझाऱ्या घालत आणि पाऊस पडला की त्यांना हायसे वाटे. वादळी पावसात लोकांनी घरीच नमाज पढावी, अशी मुअज्जिनमार्फत घोषणा करण्याची सवलतही हदीसमध्ये आहे. नेमक्या असरच्या वेळी कडाडत असताना छत्री घेऊन निघणाऱ्या आपल्या अब्बांना, दादांना ही सवलत कोणीतरी प्रेमाने सांगावी. त्यांना वाटते, आपण आळस केला.

दोन गोष्टी आणखी, त्या कोणावर येऊ नयेत. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही, त्याला लगेच हात लावता येतो. श्वास थांबला असेल तर छाती दाबायला सुरुवात करा आणि १०८ला फोन लावा. शेणात किंवा मातीत पुरण्यात वेळ घालवू नका. आणि मृत्यू झालाच, तर दफनाची घाई समजण्यासारखी असली तरी आधी तलाठ्याला कळवा, पंचनामा आणि शवविच्छेदन होऊ द्या. शासनाची चार लाखांची मदत त्या कागदांवर अवलंबून असते. मागे राहिलेल्या बेवा आणि यतीम मुलांचा तो हक्क आहे.

आमच्या घरी यंदा शेवया फजरनंतर पसरतो आणि जुहरच्या अजानीआधी उचलतो. वाळायला एक दिवस जास्त लागतो. अम्मी कुरकुरतात. परवा आभाळ बाराच वाजता भरून आले, एक ताट वर राहिले आणि गडगडाट सुरू झाला. अम्मी जिन्यापर्यंत गेल्या, मुलीने त्यांचा पदर धरला. ते ताट भिजले. संध्याकाळी आम्ही त्या शेवया ओल्याच दुधात शिजवून खाल्ल्या.