सेन्सरची वायर आणि कारागिराची पत

पावसाळा हा वाहनांच्या वायरिंगचे काम करणाऱ्यांचा हंगाम. मुंब्रा-कौसा, राबोडी, भिवंडी, कल्याण या पट्ट्यात या धंद्यावर कित्येक घरांची चूल पेटते. पोरसवदा शागिर्द उस्तादाच्या हाताखाली राहतो, हेडलाइट, हॉर्न, सेल्फ, डायनॅमो यांत तरबेज होतो आणि पुढे स्वतःचा गाळा टाकतो. परंतु ज्या वायरिंगवर हे शिक्षण झाले ते आता बदलले आहे. जोड मारण्याची पद्धत मात्र तीच राहिली आहे. याविषयी स्पष्ट लिहिणे आम्हाला आवश्यक वाटते.

आमच्या परिचयातील एक गृहस्थ पहाटे कल्याणहून ठाण्याला पाव आणि खारी पोचवतात. त्यांच्या छोट्या टेम्पोच्या क्रँक सेन्सरची वायर उंदरांनी कुरतडली. जवळच्या एका कारागिराने खराब तुकडा काढून फूटभर घरगुती वायर लावली, पीळ दिला, वर टेप गुंडाळली. दोनशे रुपयांत काम झाले. आठ दिवसांनी शिळफाट्यावर गाडी बंद पडली आणि थंड झाल्यावर आपोआप सुरू झाली. नंतर मुंब्रा बायपासच्या चढावर तोच प्रकार. तिसऱ्या खेपेला माल परत आणावा लागला. एका मोठ्या वर्कशॉपने पूर्ण हार्नेस बदलण्याचा पाच आकडी खर्च सांगितला, तेव्हा ते आमच्याकडे हताश होऊन आले.

वास्तविक पाहता वायर लांब केली हा दोष नव्हताच. अर्धा चौरस मिलिमीटर तांब्याच्या मीटरभर वायरीचा रोध एका ओहमच्या पंचविसाव्या भागाइतकाही नसतो. दुखणे असते ते जोडात. हेडलाइटचा जोड काळवंडला तर दिवा मंद पेटतो, एवढेच. सेन्सरचे तसे नाही. त्यांतील पुष्कळसे पाच व्होल्टवर चालतात. साधा ऑक्सिजन सेन्सर तर एका व्होल्टच्या आतच बोलतो. कूलंटचा सेन्सर तापला की त्याचा रोध घटतो. जोडात गंज चढून रोध वाढला, की कॉम्प्युटरला वाटते इंजिन अजून थंडच आहे, आणि तो इंधन जास्त सोडतो. मालक म्हणतो मायलेज पडले, कारागीर इंजेक्टर साफ करून देतो, आणि खरा चोर टेपखाली बसलेला असतो!

त्या टेम्पोत आणखी एक चूक होती. घरातली साधी पीव्हीसी वायर साधारण 70 अंशांपर्यंतच्या उष्णतेसाठी असते. ती सायलेन्सरच्या पाइपाशेजारून नेली होती. आवरण मऊ पडून तार उघडी झाली, सिग्नल तुटला आणि इंजिन थांबले.

शेवटी मुंब्र्यातील एका तरुण कारागिराने हे काम केले. त्याने आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली. चकचकीत तांबे दिसेपर्यंत वायर मागे कापली, वाहनासाठीचीच उष्णता सोसणारी वायर घेतली, दोन तारांचे जोड एकमेकांसमोर न आणता पुढे-मागे ठेवले, क्रिंप करून वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी बसवली. वायरीवरची जाळी, म्हणजे शील्ड, त्याने सलग जोडली. मध्येच बॉडीला अर्थ केली नाही. मग सर्व वायर उष्णतेपासून आणि इग्निशन कॉइलपासून दूर बांधली. टेस्ट लॅम्पला त्याने हातही लावला नाही, कारण तो दिवा जास्त करंट ओढून कॉम्प्युटर खराब करू शकतो. सगळी तपासणी मल्टिमीटरवर.

क्रिंप चांगला की कथील, हा वाद कारागिरांत कायमचा आहे. जोड नीट बांधून आधार दिला तर दोन्ही टिकतात, असे आम्हास वाटते. ऑक्सिजन सेन्सर मात्र अपवाद. त्यातील कित्येक सेन्सर तुलनेसाठी लागणारी हवा वायरीच्या आतूनच घेतात. कथील आणि फ्लक्सने ती वाट बुजते. वाइडबँड सेन्सरच्या कपलरमध्ये पुष्कळदा त्याच सेन्सरसाठी मोजून बसवलेला रेझिस्टर असतो. तो कपलर कापून दुसरा लावणे म्हणजे तराजू ठेवून वजन फेकून देण्यासारखे आहे.

या कामाला त्या तरुणाला अडीच तास लागले. त्याने बाराशे रुपये मागितले आणि आमचे गृहस्थ लगेच घासाघीस करू लागले! पाच आकडी खर्च वाचला, तीन खेपांचे नुकसान थांबले, तरी 'एवढ्याशा वायरीचे एवढे पैसे?' हा प्रश्न आलाच. कारागीर टेप गुंडाळून मोकळा होतो याला गिऱ्हाईकही तितकाच जबाबदार आहे, हे आम्ही त्यांना तोंडावर सांगितले. त्यांनी पैसे दिले, थोडे नाराजीनेच.

1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले आणि स्कूटरपर्यंत सर्वत्र सेन्सर वाढले. या गाड्या आता वॉरंटीबाहेर पडून आपल्याच गाळ्यांवर येत आहेत. आमची सूचना साधी आहे. ठाणे व अंबरनाथच्या शासकीय आयटीआयनी काम करणाऱ्या कारागिरांसाठी संध्याकाळचे छोटे वर्ग घ्यावेत. गाळेवाल्यांनी आपसांत वर्गणी काढून एक चांगला क्रिंपिंग पक्कड आणि स्कॅनर सामायिक ठेवावा. आणि बिलावर नुसते 'वायरिंग काम' असे न लिहिता कोणत्या सेन्सरची वायर, किती लांबीची, जोड कुठे, हे लिहावे. पुढच्या कारागिराला टेप उकलत बसावे लागणार नाही.